बोटीच्या पोटातली टाकी

१८८६ सालची गोष्ट. जर्मनीतील स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाट गावी राहणाऱ्या गोटलीब डायम्लर या इंजिनियराने आपले नवे पेट्रोलचे इंजिन एका लहानशा होडीवर चढवले आणि ती होडी नेकार नदीत सोडली. वल्हे नाही, शीड नाही, वाफेचा बंब नाही, आणि तरीही होडी चालते! काठावरच्या लोकांनी तोंडात बोटे घातली. पण बसायला या म्हटल्यावर मात्र पाय मागे घेतले. पेट्रोलचा डबा मांडीशी घेऊन पाण्यात जायचे म्हणजे काय, हे त्यांना न सांगताही कळत होते. तेव्हा डायम्लरने एक युक्ती केली असे सांगतात. होडीच्या काठाने त्याने चिनी मातीच्या खुंट्या बसवल्या आणि त्यांवरून तारा ओढल्या. ही होडी विजेवर चालते असे लोकांना वाटले आणि त्यांची भीड चेपली!

लोकांची ती भीती अगदीच भाबडी होती काय? मुळीच नाही. इंजिन सुधारले, होड्या सुधारल्या, लाकडाच्या जागी काचतंतूंचे सांगाडे आले. पण पेट्रोलने आपला स्वभाव बदलला नाही. आज कोकणच्या किनाऱ्यावर सुट्टीत आपण मुलाबाळांसह ज्या लहान मोटारबोटींत बसतो, त्यांच्या पोटात शंभर-सव्वाशे लिटर पेट्रोल असू शकते. ते ज्या टाकीत असते ती टाकी कोणी पाहत नाही. इंजिनाला दरवर्षी तेलपाणी मिळते, बोटीला रंग मिळतो, नाव पुन्हा ठळक काढले जाते. टाकी बिचारी फळीखाली अंधारात पडलेली. तिची आठवण होते ती फुटल्यावर, आणि तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो.

होडीला तळ असतो

मोटारगाडीची टाकी गळली तर पेट्रोल रस्त्यावर ठिबकते आणि वाफ वाऱ्यावर उडून जाते. होडीचे तसे नाही. होडी म्हणजे एक मोठी वाटी. तिच्यातून पाणी आत येऊ नये अशी तिची रचना असते, आणि त्याच रचनेमुळे आतली वाफही बाहेर जात नाही. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर न जाता खाली उतरते आणि जिथे गळतीचे पाणी साचते त्याच तळात दबा धरून बसते.

ही वाफ पेटायला फार लागत नाही. हवेच्या शंभर भागांत तिचे सुमारे दीड ते साडेसात भाग झाले की मिश्रण स्फोटक होते. हिशेब करून पाहिला तर दीडशे मिलिलिटर, म्हणजे आमटीची एक वाटी पेट्रोल, दीड-दोन हजार लिटर हवा स्फोटक करू शकते. मग ठिणगी कोठलीही चालते. बटण दाबताना उडणारी, पाणी उपसण्याच्या पंपातली, किंवा बॅटरीच्या सैल तारेची. डिझेल त्या मानाने शांत. ते नेहमीच्या हवेत अशी वाफ सोडत नाही. म्हणूनच प्रवाशांच्या मोठ्या लाँचींत डिझेलची इंजिने असतात.

टाकी का कुजते?

देवबागला आमचे एक आप्त राहतात. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी ती चिंचोळी पट्टी पर्यटकांच्या परिचयाची आहे. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि अठरा फुटी मोटारबोटीतून त्यांना संगमापर्यंत फिरवून आणायचे, हा त्यांचा व्यवसाय. बोट जुनी घेतलेली. तिच्या फळीखाली अ‍ॅल्युमिनियमची टाकी होती आणि ती हलू नये म्हणून चहूबाजूंनी फेसाचा ठोकळा भरलेला होता.

मे महिन्याचा मध्य, म्हणजे हंगामाचा कळस. एका सकाळी उपसलेल्या पाण्यावर मोरपिसी तवंग दिसला आणि फळी उचलताच पेट्रोलचा भपकारा आला. गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडायला न सांगता ती तशीच राहू दे म्हटले आणि कोणालाही एकही बटण दाबू दिले नाही. बोटीवरची सारी झाकणे उघडून ती तासभर वाऱ्यावर ठेवली, आणि मगच ते आत उतरले. तार जोडताना जशी ठिणगी उडते तशी सोडतानाही उडते, ही एवढीशी गोष्ट ज्याला ठाऊक असते तोच खरा मिस्त्री.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असे आपण भांड्यांवरून समजतो. ते अर्धेच खरे आहे. या धातूवर हवेने एक पातळ कवच चढते आणि तेच त्याचे रक्षण करते. त्या कवचाला सतत हवा हवी. ओला फेस, ओले लाकूड, खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड टाकीला चिकटून राहिले म्हणजे तिथे हवा पोचत नाही, कवच पुन्हा धरत नाही आणि खारे पाणी धातूला टोचे मारू लागते. वरून टाकी नव्यासारखी चकचकीत आणि खालून पांढऱ्या भुकटीने भरलेले खळगे, असा प्रकार होतो. त्यात पितळेची तोटी थेट अ‍ॅल्युमिनियमवर बसवलेली असली तर दोन धातू आणि मीठ यांची मिळून बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. लोखंडी टाकीची कथा वेगळी. ती बाहेरून गंजतेच, आणि पेट्रोलच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याने आतूनही गंजते.

आता यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२२ साली त्याचे प्रमाण सरासरी दहा टक्क्यांवर आले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. दमट हवेतले पाणी ते काही मर्यादेपर्यंत पोटात घेते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल व पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी थर करून बसतात. इंजिनाची नळी नेमकी तळातून ओढते! रोज वापरातल्या गाडीला याचा त्रास सहसा जाणवत नाही. पण चार महिने उभ्या असणाऱ्या बोटीला जाणवतो. जुने रबर, जुने चिकटद्रव्य यांनाही इथेनॉल मानवत नाही. अमेरिकेत २००४ सालानंतर असे पेट्रोल सर्वत्र आले तेव्हा जुन्या बोटींतील काचतंतूंच्या टाक्यांतला राळेचा अंश त्यात विरघळून इंजिनांत जाऊन बसला आणि कित्येकांना टाक्या बदलाव्या लागल्या.

ठिगळ की नवी टाकी?

आमच्या आप्तांपुढे प्रश्न उभा राहिला तो पैशाचा नव्हे, दिवसांचा. दोन आठवड्यांनी पावसाळ्यासाठी बोट वर ओढायचीच होती. तोवरच्या फेऱ्या आगाऊ ठरलेल्या. कोणी सुचवले, बाहेरून लुकण लावा, वर कापड चिकटवा, पंधरा दिवस निघतील. मिस्त्री हसले.

"भाऊनू," ते म्हणाले, "ठिगळ धोतराक लावतत, पेट्रोलच्या टाकीक नाय."

त्यांचे म्हणणे रास्त होते. जिथे एक भोक पडले तिथे आजूबाजूला आणखी वीस जागा कागदाइतक्या पातळ झालेल्या असतात. लाटेवर बोट आपटते तेव्हा टाकीतल्या पेट्रोलचा सगळा भार त्या पातळ पत्र्यावर येतो. तरीही आप्तांचे मन डळमळत होते. घरातली कमाई बुडत होती, आणि नकार कळवायचा तो घरच्यासारख्या झालेल्या पाहुण्यांना. शेवटी निर्णय वहिनींनी दिला. "आपल्या नातवाला आज या बोटीत बसवाल का?" एवढेच त्यांनी विचारले. उत्तर आले नाही. त्याच संध्याकाळी सगळ्या पाहुण्यांना फोन गेले.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून वाईट

पुढचे काम पाहण्यासारखे होते. आतले पेट्रोल हाताच्या पंपाने, उघड्यावर, सावलीत, पत्र्याच्या बंद डब्यांत काढले. प्लॅस्टिकची बादली मिस्त्रींनी हाती धरू दिली नाही. पेट्रोल वाहताना घर्षणाने स्थिर वीज निर्माण होते. प्लॅस्टिकमधून ती जमिनीत उतरत नाही, साठून राहते आणि एखाद्या क्षणी ठिणगी होऊन उडी घेते.

टाकी रिकामी झाली म्हणजे धोका टळला, असे नव्या माणसाला वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत वाटीभर पेट्रोल आणि बाकी सगळी हवा, म्हणजे स्फोटाची सारी सामग्री. म्हणून अशा टाकीला कधीही वेल्डिंगची ज्योत लावू नये, तिच्यावर फिरती कापणी चालवू नये. टाकी नुसती पाण्याने विसळली की निर्धोक होते हाही गैरसमजच. मिस्त्रींनी वाफ पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच हातकरवतीने फळीचा तुकडा कापला, फेस खणून काढला आणि टाकी उचलली. पालथी करताच सर्वांना दिसले. तळाला पांढऱ्या भुकटीचे पंधरा-वीस डाग, आणि एका डागावर नख लावताच ते आरपार गेले.

जुनी टाकी पाण्याने काठोकाठ भरून अंगणाच्या कडेला ठेवली होती. भंगारवाला आला तेव्हा मिस्त्रींनी ती कशाची आहे आणि तिला गॅसची ज्योत का लावायची नाही, हे त्याला दोनदा समजावून सांगितले. आपल्या घरातला धोका दुसऱ्याच्या दुकानात पाठवणे हे काही धोका टाळणे नव्हे.

मापे आणि पुठ्ठ्याची टाकी

नवी टाकी करून घेताना पहिली चूक होते ती मापात. टाकी बसायची जागा मोठी, पण तिथे जाण्याचे तोंड लहान! म्हणून आधी जाड पुठ्ठ्याची खोटी टाकी करावी आणि ती आत घालून, फिरवून, बाहेर काढून पाहावी. देवबागला हे काम घरातल्या मुलांनी आनंदाने केले.

किती लिटर मावेल, हे चौथीतले गणित आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. नव्वद, पंचेचाळीस आणि तीस यांचा गुणाकार १,२१,५००; म्हणजे साडेएकशेएकवीस लिटर. यातली पाच टक्के जागा पेट्रोल उन्हाने फुगते म्हणून मोकळी सोडावी. एवढ्या पेट्रोलचे वजन सुमारे पंचाऐंशी किलो, म्हणजे एका धिप्पाड माणसाइतके. त्यामुळे टाकीची जागा बदलली तर बोटीचा तोलही बदलतो. मोठी टाकी बसवण्याचा मोह म्हणून आवरावा. जुन्या दर्यावर्दींचा नियम पुरेसा आहे: एक तृतीयांश इंधन जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश दैवासाठी.

टाकी कशाची करावी? स्टेनलेस स्टील दिसते झकास. पण जिथे खारे पाणी अडकून राहते, विशेषतः सांध्यांशी, तिथे तेही कुरतडले जाते. समुद्रासाठीच्या मिश्रधातूचा, निदान अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हा चांगला पर्याय आहे. इंधनासाठी खास घडवलेल्या पॉलिथिनच्या टाक्या मिळतात. त्यांना गंज नाही, सांधा नाही. मात्र पहिल्यांदा पेट्रोल भरल्यावर त्या सुमारे दोन टक्क्यांनी वाढतात. नव्वद सेंटिमीटरची टाकी जवळजवळ दोन सेंटिमीटर लांब होते, तेव्हा तेवढी जागा सोडावीच लागते. घरातली पाण्याची प्लॅस्टिकची टाकी मात्र या कामी कधीही वापरू नये. आमच्या आप्तांनी पुन्हा अ‍ॅल्युमिनियमच पसंत केले. बसवण्याची पद्धत तेवढी बदलली.

बसवण्यातली कला

नव्या टाकीभोवती फेस भरला नाही. तिच्या तळाला पाणी न शोषणाऱ्या टणक रबराच्या पट्ट्या अशा चिकटवल्या की पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरू नये, आणि त्या पट्ट्यांवर टाकी ठेवली. खालून, बाजूंनी हवा खेळती राहिली. तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून ती वर उचललेली राहिली. वरून पट्टे आवळून ती अशी जखडली की बोट उलटी केली तरी हलू नये. टाकीच्या आत आडवे पडदे होते. ते नसतील तर अर्धी भरलेली टाकी लाटेवर घागरीसारखी हिंदकळते आणि सांधे खिळखिळे होतात.

सगळी भोके टाकीच्या माथ्यावर, बाजूला किंवा तळाला एकही नाही. इंजिनाची नळी वरूनच आत उतरते. असे केले म्हणजे एखादा जोड सैल झाला तरी टाकी आपोआप रिती होत नाही. भरण्याच्या नळीवर दोन्ही टोकांना दोन दोन पट्ट्या आवळल्या. हवा जाण्यायेण्याची बारीक नळी बोटीच्या बाहेर, उंचावर काढून तिच्या तोंडाला जाळी बसवली. नळ्या घेतल्या त्या बोटींसाठीच्याच. उत्तम प्रतीची अशी नळी आगीत धरली तरी अडीच मिनिटे टिकावी अशी कसोटी असते. अडीच मिनिटे म्हणजे थोडा वेळ वाटतो. पण तेवढ्यात पाच माणसे बोटीतून पाण्यात उतरू शकतात. बागेतली पारदर्शक नळी तेवढा अवसर देत नाही.

आणखी एक साधी तार. भरण्याच्या तोंडाची धातूची चकती आणि टाकी यांच्यामध्ये रबरी नळी असते, तिच्यातून वीज जात नाही. म्हणून दोन्ही एका तारेने जोडून पुढे इंजिनाच्या सांगाड्याला जोडतात, म्हणजे पेट्रोल भरताना साठणारी स्थिर वीज निघून जाते.

सगळे जोडल्यावर, पण पेट्रोल भरण्यापूर्वी परीक्षा घ्यायची. सारी तोंडे बंद करून टाकीत हलका हवेचा दाब द्यायचा. चौरस इंचाला तीन पौंड एवढाच. सायकलच्या चाकातला दाब याच्या कितीतरी पट असतो. दाब जास्त झाला तर टाकी फुगते, फुटतेही. म्हणून येथे मोठे यंत्र नको, हातपंप हवा. मग प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडा दिसतो का ते पाहायचे आणि दाबाचा काटा जागचा हलतो का ते न्याहाळायचे. देवबागला एका जोडावर बुडबुडा आलाच. पट्टी पुन्हा आवळली, पुन्हा साबण लावला, पुन्हा वाट पाहिली. काटा स्थिर राहिला तेव्हा मिस्त्रींनी विडी काढली, आणि ती ओढायला बोटीपासून पन्नास पावले दूर जाऊन बसले!

वाचकांसाठी चार गोष्टी

नारळी पौर्णिमेला समुद्र खुला झाला आणि बोट पुन्हा पाण्यात गेली. बुडालेल्या फेऱ्यांचे पाहुणे पुढे हळूहळू आलेच; नकाराचे कारण ऐकून काहीजण तर आपले आणखी नातलग घेऊन आले. पण हे सगळे तुम्हांला सांगण्याचे कारण निराळे आहे. आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी मोटारबोट असेल. मात्र दिवाळीच्या सुट्टीत मालवण, तारकर्ली, दापोली, अलिबाग या बाजूला जाऊन अशा बोटीत बसणार कितीतरी जण.

तेव्हा बोटीत पाय ठेवल्यावर जरा वाकून वास घ्या. जड वाफ खालीच असते. उभ्या माणसाच्या नाकाला ती कळेलच असे नाही. नाक हे उत्तम यंत्र आहे. धोक्याच्या पातळीच्या पुष्कळ आधी ते इशारा देते. पेट्रोलचा स्पष्ट वास आला तर भिडेखातर गप्प बसू नका, मुलांना घेऊन खाली उतरा. पेट्रोल भरणे चालू असेल तर धक्क्यावरच थांबा. सुटी टाकी असेल तर ती जमिनीवर ठेवून भरायची असते, बोटीत नव्हे. फळीखालचे बंद इंजिन चालू करण्याआधी झाकणे उघडून किंवा पंखा लावून निदान चार मिनिटे हवा खेळवावी, हा जाणत्या नावाड्यांचा रिवाज आहे. तो ती चार मिनिटे घेत असेल तर घाई करू नका; उलट त्याचे कौतुक करा. प्राणरक्षक जाकीट तर अंगात हवेच.

आणि एखादा बोटवाला "आज फेरी नाही, टाकीचे काम काढले आहे" असे म्हणाला, तर हिरमुसल्या मुलांची समजूत घालताना त्याच्यावर रागावू नका. त्याचा फोन नंबर जवळ लिहून ठेवा. पुढच्या खेपेला बसायचे ते त्याच्याच बोटीत.